मालेगावचा माणूस आणि माझं नाक

माझ्या आवाजातले 'म' आणि 'न' कधी गेले ते मला कळलं नाही. आधी लोकांना कळलं.

मी नाशिकला एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. काचेच्या केबिनमध्ये बसून कोणती गाडी कोणत्या फलाटाला लावायची ते ठरवायचं, उशिरा आलेल्या चालकाशी हुज्जत घालायची आणि माईकवरून गाड्या पुकारायच्या, हे माझं काम. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती, माझं वय तिशीच्या आसपास. आवाज चांगला होता, निदान साहेबलोक तसं म्हणायचे. त्यामुळे केबिनमध्ये आणखी कुणी असलं तरी माईक माझ्याच पुढ्यात सरकायचा.

एकदा फलाटावर शेंगदाणे विकणारा माणूस टोपलीपाशी उभा राहून ओरडत होता, "बदबाड, बदबाड! चला बदबाड!" आजूबाजूचे हमाल आणि रिक्षावाले हसत होते. मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मनमाडची गाडी पुकारली आणि मागोमाग त्याच चालीत "बदबाड" ऐकू आलं, तेव्हा डोक्यात उजेड पडला. तो माझी नक्कल करत होता. मी मनमाड म्हणत होतो आणि कर्ण्यातून बदबाड बाहेर पडत होतं. निफाडचं दिफाड होत होतं, सिन्नरचं सिद्दर.

मी दोष माईकला दिला. इलेक्ट्रिशियनला बोलावून माईक बदलून घेतला, मग वायर बदलून घेतली. शेवटी तो बिचारा म्हणाला, "साहेब, माईक चांगला आहे. तुम्हाला सर्दी झाली का?"

सर्दी होतीच. सर्दी दोन-तीन वर्षं होती. ती इतकी सवयीची झाली होती की तिला मी आजार म्हणत नव्हतो.

आम्ही इंदिरानगरमध्ये दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायचो. बायको सटाण्याकडची, घरी शिवणकाम करायची. तिच्या मशीनचा आवाज आणि माझं येरझाऱ्या घालणं, एवढंच त्या घरात दिवसभर चालायचं. नाक बंद असलेल्या माणसाला एका जागी बसवत नाही. आडवं व्हावं तर गाल आणि कपाळ जड होतं, उठून बसावं तर तोंड उघडं टाकून श्वास घ्यावा लागतो, मग घसा कोरडा पडतो, मग पाण्यासाठी उठायचं, उठलोच आहोत तर खिडकीपाशी जायचं, खिडकीपाशी गेलो तर गच्चीवर. सुट्टीच्या दिवशी बायको म्हणायची, "तुम्ही घरात असलात की मला स्टँडवर बसल्यासारखं वाटतं. सारखं कुणीतरी येतंय, कुणीतरी जातंय."

वास गेलेला होता. जेवण म्हणजे तिखट, खारट, आंबट, बस. मेथीची भाजी आणि पालक यांत मला फरक कळेना. बायकोनं महिनाभर वाट पाहिली आणि मग नवऱ्याची पसंती विचारणं सोडून दिलं.

आमचे जुने डॉक्टर पंचवटीत भाजीबाजाराजवळ बसायचे. त्यांनी आधी एक्स-रे काढायला पाठवलं. प्लेटला नाक आणि हनुवटी टेकवून उभं राहायचं, श्वास धरायचा. फिल्म खिडकीसमोर धरून त्यांनी मला शिकवलं, "हे बघ. हवा काळी दिसते. डोळ्यांखाली गालाच्या हाडात दोन पोकळ्या असतात, त्या काळ्या दिसायला पाहिजेत. तुझ्या पांढऱ्या आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे तिथं हवा नाही. भरलंय काहीतरी."

हे शिकल्यावर माझं एक नवीन काम सुरू झालं. तो एक्स-रे मी रोज काढून बघायचो. स्वतःचा चेहरा आरशात बघावा तसा. पांढरं तितकंच आहे का, हे बघायचो, जणू काय फिल्म घरी बसल्या बसल्या बदलणार होती.

पुढचे डॉक्टर कान-नाक-घशाचे. कपाळावर गोल आरसा लावून त्यांनी नाकात चिमटा घातला, दोन्ही बाजू पाहिल्या आणि विचारलं, "सोललेली द्राक्षं पाहिलीत कधी?"

नाशिकच्या माणसाला विचारायचा हा प्रश्न नव्हे. मी मान हलवली.

"तसले घड आहेत आत. दोन्हीकडे. पॉलिप म्हणतात. लोक म्हणतात नाकात मांस वाढलं, पण ते मांस नाही, आतली त्वचाच सुजून लोंबते. काढून टाकू."

त्यांनी ते तारेच्या फासानं काढले. भूल फक्त नाकापुरती होती, म्हणून सगळं ऐकू येत होतं. तार आवळली की डोक्याच्या आत ओली काकडी मोडल्यासारखा आवाज व्हायचा. ते काढलेले तुकडे एका वाडग्यात ठेवत होते आणि नर्स मला म्हणत होती, "बघू नका, बघू नका." मी बघितले. खरंच द्राक्षांसारखे होते, राखाडी, पाणीदार.

पट्ट्या काढल्यावर नाकातून जो वारा गेला त्यानं डोळ्यांत पाणी आलं. थंड वाटला. मी स्टँडवर गेलो आणि मनमाड म्हणालो. मनमाडच बाहेर पडलं. शेंगदाणेवाल्यानं टोपलीमागून हात जोडले.

वर्ष पुरतं झालं नसेल, ते परत आले.

पुन्हा तारेचा फास, पुन्हा काही महिने बरे, पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेनंतर मी माईकपासून आपणहून दूर झालो. एक तरुण सहकारी पुकारायला लागला आणि मी कोपऱ्यातल्या टेबलावर गाड्यांच्या फेऱ्या लिहीत बसायचो. बसायचो म्हणजे काय, दर पाच मिनिटांनी उठून फलाटावर जायचो. चालक विचारायचे, "साहेब, काही हरवलं का?"

याच काळात रक्ताची तपासणी झाली. पंचवटीच्या डॉक्टरांनी रिपोर्टवर पेनानं एका शब्दाभोवती गोल केला: इओसिनोफिल. पांढऱ्या पेशींतली एक जात. पाच-सहा टक्क्यांपर्यंत असल्या तर चालतं, माझ्या अठरा होत्या.

"जंत असतील," ते म्हणाले. जंतांच्या गोळ्या झाल्या. आकडा उतरला नाही. मग म्हणाले, आपल्याकडे फायलेरियामुळेही हा आकडा चढतो, खोकलाही येतो. तुला खोकला आहेच. मग हत्तीरोगावरची गोळी दिवसातून तीनदा, तीन आठवडे. तिनं मळमळ एवढी व्हायची की गाड्यांच्या डिझेलचा वास येत नव्हता हे एका अर्थी बरंच होतं. पुन्हा रक्त तपासलं. सतरा.

"उतरला ना एकानं," बायको म्हणाली. ती गंभीरपणे म्हणाली की चेष्टेनं, मला अजून ठरवता येत नाही.

डॉक्टर चुकले असं मी म्हणणार नाही. त्यांच्या दवाखान्यात येणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो आकडा जंतांमुळेच चढलेला असायचा. पण माझ्या बाबतीत तो आकडा काहीतरी दुसरं सांगत होता आणि ते ऐकणारं कुणी नव्हतं. मीही नव्हतो.

मग जिना चढताना धाप लागायला लागली. छातीतून बारीक शिट्टी यायची. डॉक्टर म्हणाले, दमा. इनहेलर आला. डोकं दुखलं की मी एक गोळी घ्यायचो, साधी, पानाच्या टपरीवरही मिळणारी. डोकं उतरायचं, पण तासाभरात नाक आणखी चोंदायचं आणि डोळे लाल व्हायचे. मला वाटायचं, सर्दी वाढली म्हणून डोकं दुखलं होतं, ती आता पूर्ण बाहेर पडतेय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सी.टी. स्कॅन सांगितला. आता तारेनं नको, दुर्बिणीनं करू, पण त्याआधी आतला नकाशा पाहिजे.

स्कॅन सेंटरच्या बाहेरच्या खोलीत गारठा होता. चपला बाहेर काढायच्या, मोजे नसलेल्यांचे पाय गोठायचे. मी खुर्चीवरून उठून बसून पुन्हा उठत होतो. माझ्या शेजारी एक बारीक, उंच माणूस होता, माझ्याच वयाचा, पांढऱ्या टोपीतला. त्याचा स्कॅन झालेला होता आणि तो पाकीट घेऊन कुणाची तरी वाट बघत होता. तोही तोंड उघडं टाकून श्वास घेत होता. एकमेकांकडे बघून आम्हाला दोघांनाही कळलं.

"नाक?" त्यानं विचारलं.

"नाक."

"मेरा भी," तो म्हणाला, आणि मग मोडक्या मराठीत, "कितने साल झाले?"

तो मालेगावचा, यंत्रमागावर काम करणारा. बारा तासांची पाळी, कापसाची धूळ. त्याची खात्री होती की धुळीमुळेच झालं. "सुत नाकात जातो, आत गाठ बनतो," असं तो समजावून सांगत होता. मी म्हणालो, "मी तर सूत पाहिलंच नाही, मला कसं झालं?" त्यावर त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "एस.टी. का धुआँ."

माझं नाव पुकारलं गेलं. आत पालथं झोपवलं, हनुवटी पुढं ओढून उशीवर टेकवली, मान मागं. समोरून काप घ्यायचे तर असंच झोपावं लागायचं तेव्हा. त्या अवस्थेत नाकातून श्वास नाहीच, तोंड दाबलेलं, लाळ गळते. तंत्रज्ञ काचेआडून सांगत होता, "हलू नका. गिळू नका." आयुष्यात मला कुणी इतकं अवघड काम सांगितलं नव्हतं. मी हललो. पहिले काप वाया गेले. तो बाहेर आला, त्यानं माझ्या कपाळावर पट्टा बांधला आणि म्हणाला, "काका, गावाकडच्या म्हाताऱ्या बायासुद्धा पडून राहतात हो." दुसऱ्यांदा मी मनातल्या मनात गाड्या पुकारत पडून राहिलो.

बाहेर आलो तर मालेगावचा माणूस थांबलेला. माझं पाकीट मिळाल्यावर त्यानंच सुचवलं, "दाखवा ना तुमचा फोटो." आम्ही दोघांनी आपापल्या फिल्म खिडकीच्या काचेला लावल्या. शेजारी शेजारी. छोट्या छोट्या चौकटींत दोन कवट्या, समोरून कापलेल्या. दोन्हींत डोळ्यांच्या मध्ये पांढरं, गालांत पांढरं, जिथं काळं असायला हवं तिथं सगळं पिठासारखं पांढरं.

"सेम टू सेम," तो म्हणाला. त्याला आनंद झालेला होता. मलाही झाला, का कोण जाणे. इतकी वर्षं मी एकटाच होतो.

ऑपरेशन एकाच आठवड्यात, एकाच वॉर्डात झालं. त्याआधी काही दिवस मला स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या, सूज उतरायला. गोळ्या सुरू झाल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो आणि थबकलो.

"तू केसांना वेगळं तेल लावतेस का?" मी बायकोला विचारलं.

ती फोडणी करत होती. मागं न वळताच म्हणाली, "तेल बदलून पाच वर्षं झाली."

मग तिनं गॅस बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी डब्यांची झाकणं उघडून एकेक वास घ्यायला लागलो. धने, जिरं, गोडा मसाला, हिंग. हिंगाचा डबा मी परत परत उघडला. तिनं मला बाजूला सारलं नाही, स्वयंपाक थांबवून ती ओट्याला टेकून उभी राहिली. गोळ्या संपल्यावर आठवडाभरात वास पुन्हा मावळायला लागला होता, पण तेव्हा ऑपरेशनची तारीख जवळ आली होती, म्हणून मी घाबरलो नाही.

वॉर्डात आम्ही दोघं शेजारच्या खाटांवर. नाकात पट्ट्या भरलेल्या, बोलणं खुणांनी आणि घोगऱ्या शब्दांनी. त्याला कमरेचं दुखणं होतं. यंत्रमागासमोर उभं राहून राहून झालेलं. त्याच्या उशाखाली गोळ्यांची पट्टी असायची. "पाळी संपली की एक," तो म्हणाला, "रोज का हिसाब है." मी पट्टी हातात घेऊन बघितली होती. माझ्या डोकेदुखीच्या गोळीच्या जातीचीच.

तिसऱ्या दिवशी मला दम्याचा झटका आला. दुखतं म्हणून काहीतरी दिलं होतं, त्यानंतर थोड्या वेळानं. भूल दिली होती त्याचा परिणाम असेल असं ठरलं. मालेगावचा माणूस आधी घरी गेला. जाताना त्यानं माझा हात दाबला आणि नाकानं एक लांब श्वास घेऊन दाखवला.

मला दीड-दोन वर्षं बरी गेली. आवाज आला, वास अर्धामुर्धा आला, माईक परत माझ्या पुढ्यात आला. पण अस्वस्थता गेली नाही. दर सकाळी उठल्याबरोबर मी आधी एक नाकपुडी दाबून बघायचो, मग दुसरी. दिवसातून कितीतरी वेळा. फलाटावर उभा राहून, साहेबांशी बोलताना, जेवताना. बायको माझा हात धरून खाली करायची. "येईल तेव्हा येईल," ती म्हणायची. "रोज दार वाजवून बघितलं तर लवकर येईल का?"

ते आले. डाव्या बाजूला आधी.

आणि मग तो दिवस. दाढ दुखत होती. तरुण सहकारी रजेवर होता, उन्हाळ्याच्या सुट्ट्यांची गर्दी, फलाट माणसांनी भरलेला. केबिनमध्ये एका वाहकानं आपल्या खिशातली दाढदुखीची गोळी मला दिली. जोरदार आहे म्हणाला. मी ती चहाबरोबर घेतली आणि पुकारायला लागलो.

अर्ध्या तासात नाकातून पाणी वाहायला लागलं. मग कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मग छाती. कुणीतरी आतून दोरीनं बांधत असल्यासारखी. मी शिर्डीची गाडी पुकारत होतो. 'शिर्डी' म्हणालो आणि पुढचा शब्द निघेना. माईकचं बटण माझ्या बोटाखाली दाबलेलंच राहिलं होतं. त्यामुळे संपूर्ण स्टँडवर माझा श्वास ऐकू जात होता. ती शिट्टी, ती घरघर, कर्ण्याकर्ण्यातून. नंतर लोकांनी मला सांगितलं की पूर्ण स्टँड एकदम गप्प झालं होतं. पोरं रडायची थांबली होती. मला आठवतंय ते एवढंच की मला स्वतःचाच श्वास बाहेरून ऐकू येत होता आणि तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

एक चालक केबिनमध्ये धावत आला. त्यानं मला उचललं, रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं.

त्या दवाखान्यात छातीच्या विकारांच्या एक डॉक्टर होत्या, माझ्याहून लहान वयाच्या. इंजेक्शनं, ऑक्सिजन, वाफेचं औषध झालं. संध्याकाळी मी बोलण्याच्या स्थितीत आलो तेव्हा त्या खाटेच्या कडेला बसल्या.

"आज काय खाल्लंत?"

"काही वेगळं नाही. सकाळी पोळी-भाजी. चहा."

"औषध?"

"नेहमीचं. इनहेलर."

माझी बायको पायथ्याशी उभी होती. ती म्हणाली, "आणि दाढेची गोळी? त्या वाहकभाऊंनी सांगितलं मला."

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्या एकेक विचारत गेल्या. डोकं दुखतं तेव्हा काय घेता? घेतल्यावर काय होतं? किती वेळानं? ऑपरेशननंतर झटका आला होता तेव्हा आधी काय दिलं होतं? बायको घरी जाऊन माझी सगळी पाकिटं घेऊन आली. त्यांनी सी.टी. दिव्यासमोर लावला, रक्ताचे जुने रिपोर्ट एकाखाली एक मांडले. सगळ्यांत इओसिनोफिल चढलेले. जंतांच्या आधी, जंतांच्या नंतर, ऑपरेशनच्या आधी, नंतर.

"हे तिन्ही एकच आहे," त्या म्हणाल्या. "नाकातले पॉलिप, दमा, आणि या जातीच्या वेदनाशामक गोळ्या न सोसणं. काही माणसांत हे तिन्ही एकत्र येतं. तुमच्या रक्तातला आकडा त्याच घरचा आहे."

"म्हणजे गोळ्यांमुळं झालं?"

"नाही. गोळ्या घेतल्या नसत्या तरी पॉलिप आले असते. पण गोळीनं ते भडकतं. आणि आजच्यासारखी गोळी पुन्हा घेतलीत तर मी वाचवू शकेन असं सांगत नाही."

बायको खाली बसली.  स्वतःशीच तिच्या माहेरच्या बोलीत काहीतरी पुटपुटली आणि डोळे पुसले.

मी मात्र त्या क्षणी वेगळ्याच माणसाचा विचार करत होतो. सेम टू सेम. पाळी संपली की एक.

घरी आल्यावर मला चैन पडेना. त्याच्याकडे फोन नव्हता, पत्ता मला माहीत नव्हता. नुसतं नाव आणि एका चौकाचा उल्लेख, जिथं त्याचा कारखाना होता. मी मालेगावच्या फेऱ्यांवरच्या वाहकांना सांगून ठेवलं. मालेगावात उतरलात की विचारा. उंच, बारीक, नाकाचं ऑपरेशन झालेला. त्यांनी विचारलं असेल किंवा नसेल, रोज संध्याकाळी ते मान हलवत यायचे. बायको म्हणाली, "मग स्वतः जा की. नुसते फिरताय घरात." म्हणून आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी मी मालेगावची पहिली गाडी पकडली. गाडीत मी उभाच राहिलो. जागा होती तरी.

चौक सापडला. पण त्या चौकाच्या आसपास कारखानेच कारखाने. एकेका शेडमध्ये ओळीनं माग आणि आवाज असा की जमीन हलते. मी दारात उभं राहून विचारायचो, लोक कानामागं हात धरायचे. माझं नाक अर्धं बंद, आवाज पुन्हा बसलेला, नाव धड उच्चारता येत नव्हतं. कुणी मला जेवायला बोलवत होतं, कुणी दुसऱ्याच माणसाकडं पाठवत होतं. दुपार झाली. शेवटी एका सायकलवाल्यानं माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि मला एका गल्लीच्या टोकाला नेऊन सोडलं.

तो आत मागापाशी तुटलेला धागा जोडत होता. मला बघून त्याचे डोळे मोठे झाले. मी तिथंच, त्या खडखडाटात, ओरडलो, "गोळी! ती गोळी खाऊ नका!"

"क्या?"

"गोळी! कमरेची!"

त्याला वाटलं मला गोळी पाहिजे. त्यानं खिशातून पट्टी काढून माझ्यापुढे धरली.

मी त्याचा हात धरून त्याला बाहेर आणलं. समोरच्या हॉटेलात बसलो. चहा यायच्या आत मी त्याला सगळं सांगितलं. स्टँड, दाढ, कर्ण्यातून ऐकू गेलेला श्वास, डॉक्टरबाई. तो न हलता ऐकत होता. मधेच त्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

माझं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "पर मेरेकू तो कुछ नहीं होता."

"कधीच नाही? नाक बंद होत नाही? छाती?"

"रोज खाता हूँ. आज भी खाया." मग त्यानं चेहरा वर केला, एक नाकपुडी दाबली, श्वास घेतला, दुसरी दाबली, श्वास घेतला. दोन्हीकडून वारा मोकळा गेला. मला ऐकू आला. "ऑपरेशन के बाद एकदम साफ. वापस नहीं आया. अल्ला का करम."

मी खूश व्हायला हवं होतं. झालोही असेन. पण त्याच्या नाकातून जाणारा तो वारा ऐकून मी तिथं बसल्या बसल्या माझीही नाकपुडी दाबून बघितली. त्याच खिडकीत त्याच दिवशी आम्ही दोघांनी फिल्म लावल्या होत्या. तो रोज धूळ खातो, रोज गोळी खातो. मी काय केलं होतं?

त्यानं मला जेवू घातल्याशिवाय सोडलं नाही. त्याच्या घरी बिर्याणी होती आणि तो पुन्हा पुन्हा विचारत होता, "खुशबू आयी?" मी हो म्हणालो. गाडीवर सोडायला आला तेव्हा म्हणाला, "आप मेरे वास्ते इतनी दूर आये." त्याला खरोखर गहिवरून आलं होतं. मी खिडकीतून हात हलवला आणि गाडी सुटेपर्यंत सीटवर बसूच शकलो नाही.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरबाईंपुढे हे मांडलं. जरा भांडल्यासारखंच. "फोटो अगदी सारखा होता. मी डोळ्यांनी पाहिलाय."

"सारखा दिसत असेल," त्या म्हणाल्या. "स्कॅनमध्ये कुठं भरलंय आणि किती भरलंय ते दिसतं. कशामुळं भरलंय ते दिसत नाही. त्याचं रक्त तपासलं होतं का?"

त्यानं जेवताना सांगितलं होतं, रक्तात काही निघालं नाही.

"मग त्याचा आजार निराळा. तिथं साठलेला जुना संसर्ग असेल, रस्ता मोकळा केला, संपलं. तुमच्यात शरीरच आतल्या त्वचेशी भांडतंय. रस्ता मोकळा केला तरी भांडण चालूच राहतं." मग त्या थांबल्या. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. "तुम्ही काही केलं नाही म्हणून झालं आणि त्यानं काही केलं म्हणून बरा झाला, असं नाही आहे हे."

त्यानंतर मला स्प्रे सुरू झाला, रोज मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुणं सुरू झालं, संध्याकाळची एक गोळी सुरू झाली. दाताच्या डॉक्टरांना, हाडाच्या डॉक्टरांना, अगदी जत्रेतल्या आरोग्य शिबिरालाही मी आधी तेच सांगतो: या या गोळ्या मला चालत नाहीत. पाकिटात एक चिठ्ठी ठेवलेली आहे, बायकोच्या पर्समध्ये दुसरी. दम्याचा तसा झटका पुन्हा आला नाही. पॉलिप मात्र हळूहळू येत राहिले, पण पहिल्यासारखे धावत नाहीत.

दोन हजारच्या दशकाच्या शेवटाकडे पुन्हा एकदा स्कॅन केला. आता मशीन नवीन, उताणं झोपायचं, हललो की नाही हे ठरवायच्या आत संपतंही. रक्तात इओसिनोफिल नऊ. डॉक्टरबाईंचे केस तोवर पांढरे व्हायला लागले होते. त्यांनी फिल्म बघितली, आकडा बघितला.

"डोळ्यांच्या मध्ये थोडे आहेत. बाकी हवा खेळतेय. सध्या ऑपरेशन नको."

"मग काय करू?"

"वाट बघायची. सहा महिन्यांनी या."

वाट बघणं हे माझ्या स्वभावातलं काम नाही. नोकरीत आयुष्यभर मी दुसऱ्यांना वाट बघायला सांगत आलो आणि स्वतः काचेमागं फेऱ्या मारत राहिलो. दवाखान्यातून बाहेर पडलो तेव्हा बायको म्हणाली, रिक्षा करू. मी म्हणालो, चालत जाऊ. तिचे गुडघे दुखत होते तरी ती चालायला लागली. थोडं पुढं गेल्यावर रस्त्याकडेला एक बाक दिसला, तिथं ती बसली.

"बसा जरा," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसलो. मग उठलो, कोपऱ्यावरून दोन पेरू कापून मीठ-तिखट लावून आणले. वास येत होता, पुसट, पण पेरूचाच. मी तिला तसं सांगितलं.

"खा मग," ती म्हणाली. मी उभ्या उभ्याच खाल्ला.